लगून गळतो की पाणी उडते? मोजून बघा



कबनूर परिसरात सांडपाण्याला तोटा नाही. एका अंगाला इचलकरंजीचे मैलापाणी, दुसऱ्या अंगाला प्रोसेस आणि सायझिंगचे रंगीत पाणी आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांचे पाणी. काळ्या ओढ्यातून पंचगंगेकडे काय जाते ते सर्वांना दिसते. त्यावर मोर्चे निघतात, पेपरात येते, बंधाऱ्याला मासे तरंगले की पंचनामा होतो. पण जे पाणी ओढ्यात सोडलेले नाही, तळ्यात साठवलेले आहे आणि तळातून गुपचूप खाली चालले आहे, त्याचा पंचनामा कोण करणार? ते दिसते ते शेजारच्या विहिरीत, आणि तोवर दोन-चार वर्षे निघून गेलेली असतात.

मग वाद सुरू होतो. लगूनच्या बांधाला ज्याचे रान आहे तो म्हणतो, "आमच्या हिरीचं पाणी बिघडलं, लगून गळतोय." लगून सांभाळणारा म्हणतो, "गळत न्हाई, उन्हानं आटतंय." दोघेही तावातावाने बोलतात आणि मोजलेले कोणीच नसते. दूध संस्थेत आपण फॅट लावून घेतो, काट्यावर गाडी चढली की आकडा डोळ्यांनी बघतो, पण लगूनचे पाणी तेवढे अंदाजावर सोडतो. वास्तविक नगरपालिकांच्या सांडपाणी तळ्यांसाठी परदेशात वर्षानुवर्षे वापरात असलेली एक साधी परीक्षा आहे, आणि ती शाळा शिकलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला करता येण्यासारखी आहे. कारखान्याचा लगून असो, डिस्टिलरीचा असो वा शहराच्या मैलापाण्याचा असो, रीत एकच.

आधी लगून केवढा असतो ते पाहू. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये साखर कारखान्यांसाठी सुधारित मानके काढली. त्यानुसार गाळपाच्या दर टनामागे शुद्ध केलेले पाणी २०० लिटरपेक्षा जास्त बाहेर सोडता येत नाही, आणि ते साठवायचे झाल्यास पाझर न होणाऱ्या, अस्तर केलेल्या तळ्यात फक्त १५ दिवसांपुरते साठवायचे. आता रोज ५ हजार टन गाळणारा कारखाना धरा. २०० लिटरप्रमाणे दिवसाला १० लाख लिटर झाले, आणि १५ दिवसांचे दीड कोटी लिटर. दहा फूट खोलीचे तळे केले तर सुमारे ५० गुंठे जागा लागते. बाजू उतरत्या असल्याने वरच्या तोंडाशी ६० गुंठे भरतील. पुढच्या हिशेबाला हा ६० गुंठ्यांचा लगून लक्षात ठेवावा.

नियमातला 'फक्त १५ दिवस' हा शब्द विनाकारण आलेला नाही. पूर्वी सांडपाण्याचे तळे म्हणजे मुरुमात खोदलेला खड्डा असे. पाणी सोडायचे आणि मुरवून संपवायचे. लगून कधी भरतच नाही, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाई. जो लगून भरत नाही, त्याचे पाणी कुठे जाते, हे विचारायला पाहिजे होते. पाणी प्रदूषण रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतःचा कायदा केला, १९७० साली मंडळ स्थापन झाले, १९७४ साली केंद्राचा कायदा आला. पण कागदावरचे तळे पाझरत नसते, रानातले पाझरते.

खरे बोलायचे तर मातीचे कोणतेही तळे थोडेफार पाझरतेच. प्रश्न किती, हा आहे. इथे एक सोपे गणित पाठ करून ठेवावे: एक गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे शंभर लिटर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, त्यावर एक मिलिमीटर म्हणजे १०१ लिटर, वरचा एक सोडून द्या. म्हणजे आपल्या ६० गुंठ्यांच्या लगूनमधून रोज एक मिलिमीटर जरी खाली गेले तरी ६ हजार लिटर गेले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात नगरपालिकांच्या सांडपाणी तळ्यांना एकरी रोज ५०० गॅलनपर्यंत पाझर चालतो, त्यापुढे नाही. हे गॅलन त्यांचे, म्हणजे एकरी सुमारे १,९०० लिटर. पातळीत मोजले तर दिवसाला अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. काडेपेटीतली काडी आडवी धरा, तिच्या जाडीच्या चौथाईएवढे. डोळ्यांनी बघून "गळत नाही" म्हणणाऱ्याला हे कसे दिसणार?

आता प्रत्यक्ष परीक्षा. तत्त्व आपल्या जमाखर्चासारखे आहे. तळ्यात आलेले पाणी व पाऊस ही जमा. बाहेर सोडलेले, उन्हाने उडालेले आणि तळातून मुरलेले हा खर्च. पातळीतला फरक ही शिल्लक. बाकी सगळे मोजता आले की न दिसणारा एकच आकडा उरतो, तो मुरलेल्या पाण्याचा.

पहिली अट, आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी पूर्ण बंद. पुष्कळ जण म्हणतात, बंद कशाला, दोन्हीकडे मीटर आहेत, वजाबाकी करू. इथेच हिशेब फसतो. दिवसाला १० लाख लिटर येत असेल आणि मीटर शंभरात पाचने चुकत असेल, तर चूकच ५० हजार लिटरची झाली. गळती ३० हजारांची असली तर ती त्या चुकीच्या पोटात दडून जाते. म्हणून व्हॉल्व्ह बंद करून त्यावर विसंबू नये. पाइपचे तोंड ब्लाइंड फ्लँज लावून बंद करावे, गेट असल्यास मातीच्या पोत्यांनी कोंडावे. कारखान्याला हे हंगाम संपल्यावर जमते. शहराला अवघड, कारण मैलापाणी एक दिवसही थांबत नाही. तिथे दोन तळी असावी लागतात, एक चालू ठेवून दुसरे तपासायचे. ज्या गावाने एकच तळे बांधले, त्याने परीक्षेची वाट आपल्या हाताने बंद केली असे समजावे.

दुसरी गोष्ट, पातळी मोजणे. लगूनच्या दोन समोरासमोरच्या टोकांना मोजपट्ट्या पक्क्या बसवाव्यात. एकच पट्टी पुरत नाही, कारण वाऱ्याने पाणी एका अंगाला ढकलले जाते आणि दुपारच्या वाऱ्यात एका टोकाला वाढलेले, दुसऱ्याला उतरलेले दिसते. पट्टीभोवती बारीक भोके पाडलेला सहा इंची पीव्हीसी पाइप उभा करावा, म्हणजे आत लाट येत नाही. रोज एकाच वेळी, सूर्य उगवताना, वारा पडलेला असताना वाचन घ्यावे. पाइपच्या काठावरून खाली पाण्यापर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने घेतले तर मिलिमीटरपर्यंत बिनचूक येते.

तिसरी आणि मुख्य गोष्ट, उडून जाणारे पाणी. वेधशाळेत त्यासाठी चार फूट व्यासाची उथळ टाकी असते. पण काठावरची टाकी जास्त तापते, तिचा आकडा तळ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, सुमारे सात दशांशाने गुणावे लागते. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे रुंद तोंडाचे, न गळणारे पिंप किंवा टाकी लगूनच्या पाण्यातच विटांच्या ओट्यावर ठेवायची. काठ पाण्याच्या वर चार-पाच बोटे राहील अशी, आणि आत लगूनचेच पाणी, बाहेरच्या पातळीएवढे. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याला ऊन तेच, वारा तोच, पाऊसही तोच. दोन्हीकडून उडणार सारखेच. फरक एवढाच की पिंपाला तळ आहे आणि लगूनचा तळ आपल्याला तपासायचा आहे. पिंप आधी दोन दिवस जमिनीवर भरून ठेवून गळत नाही ना ते बघावे. गळक्या पिंपाने लगून चांगला ठरतो! जवळ पर्जन्यमापक ठेवावा. मोठा पाऊस पडला तर भरावाच्या उतारावरून वाहून आलेले जादा पाणी लगूनमध्ये जाते, पिंपात जात नाही, म्हणून तो दिवस हिशेबातून सोडून द्यावा.

समजा, ६० गुंठ्यांचा लगून दहा दिवस असा पाहिला. पातळी ११२ मिलिमीटर उतरली. पिंपातली ६२ उतरली. पाऊस नाही. राहिले ५० मिलिमीटर, म्हणजे रोजचे ५. एक मिलिमीटरला एक गुंठ्यावर शंभर लिटर, म्हणून ५ गुणिले ६० गुणिले १००, झाले ३० हजार लिटर. दहा हजारी टँकर रोज तीन, रात्रंदिवस, जमिनीखाली रिकामे होत आहेत. दीडशे दिवसांच्या हंगामात ४५ लाख लिटर. मिनेसोटाच्या मापाने या लगूनला रोज २,८०० लिटरच्या आसपास चालले असते, इथे त्याच्या दहापट चालले आहे. आणि तरी काठावर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसले? दहा दिवसांत वीतभरही न उतरलेले पाणी, तेही ऐन उन्हाळ्यात. तो म्हणणारच, आटले.

परीक्षा दहा दिवसांपेक्षा कमी करू नये. वाचनात दोन-तीन मिलिमीटरची चूक होतेच. एका दिवसाच्या परीक्षेत ती चूक सगळा निकाल उलटा करील, दहा दिवसांत वाटली गेली की दिवसाला पाव मिलिमीटर उरते. "काल बघितलं, काय फरक न्हाई" याला परीक्षा म्हणत नाहीत.

हंगामाची निवड हा आपल्या भागातला नाजूक मुद्दा आहे. नवा लगून किंवा नवे अस्तर असेल तर बॉयलर पेटण्याआधी, ऑक्टोबरात, स्वच्छ पाण्याने भरून परीक्षा घेणे शहाणपणाचे. गळालेच तर चांगले पाणी गळेल, कुणाची विहीर नासणार नाही. पण ऑक्टोबरात आपल्या विहिरी तुडुंब असतात. पंचगंगेच्या अंगाची आणि ओढ्याकाठची पाणीपातळी वर आलेली असते. आसपासच्या विहिरीतले पाणी लगूनच्या तळापेक्षा वर असेल तर खालून दाब येतो, लगूनचे पाणी खाली उतरत नाही, कधी उलट बाहेरचे पाणी आत येते. अशा वेळी फुटका लगूनही पास होतो. म्हणून परीक्षेच्या आधी जवळच्या दोन विहिरींची पातळी मोजून लगूनच्या तळाशी ताडून पाहावी. वर असेल तर ऑक्टोबरचा निकाल कच्चा समजावा आणि एप्रिल-मेमध्ये परीक्षा पुन्हा घ्यावी. उन्हाळ्यात बाष्पीभवन जास्त, वाचनाला त्रास जास्त, पण पिंप नीट ठेवले असेल तर चालते. माझे मत विचाराल तर आपल्या भागात एप्रिलची परीक्षाच खरी.

प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या लगूनला आणखी एक परीक्षा आहे, विजेची. शेततळ्याचा कागद आता सर्वांच्या ओळखीचा आहे. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, पण जिथे भोक आहे तिथे पाण्यातून खालच्या ओल्या मातीत जाते. एक तार पाण्यात, दुसरी बाहेर जमिनीत सोडून मर्यादित दाब देतात आणि पाण्यातून दोन काट्यांचे मापक फिरवत नेतात. भोकाजवळ काटा हलतो. यात गळती किती ते कळत नाही, कुठे ते कळते. हे काम जाणकारांचे आहे, मोटारीच्या स्टार्टरची वायर घेऊन करण्याचे नव्हे. रंगाचीही परीक्षा करतात. फ्लुओरेसिन नावाची पूड तळ्यात टाकून विहिरीत रंग येतो का बघायचे. रंग आला तर वाटच सापडली. पण काळ्या मातीतून जाताना रंग अडतो, पाण्याला महिने लागतात. म्हणून रंग आला नाही याचा अर्थ गळती नाही, असा मात्र घेऊ नये.

आता विहिरीकडे वळू, कारण लगूनच्या बाजूने परीक्षा कारखान्याने किंवा नगरपालिकेने करायची, आणि विहीर आपली आहे. आपले दुहेरी नाते इथे आड येते. आपण लगूनचे मालक आहोत, भाग आपल्या नावावर आहे, आणि बांधाला रान असलेले शेजारीही आपणच. मालक म्हणून गप्प बसावे असे वाटते आणि शेजारी म्हणून ओरडावे असे वाटते. नमुना घेणे हा दोन्हींपेक्षा बरा मार्ग.

लगूनच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि उताराच्या अंगाच्या किमान दोन, अशा तीन ठिकाणचे नमुने एकाच दिवशी घ्यावेत. मोटर पंधरा मिनिटे चालवून मग बाटली भरावी. क्षारता, क्लोराइड आणि नायट्रेट एवढे तपासले तरी बरेच कळते. पिण्याच्या पाण्याला नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत, क्लोराइड २५० पर्यंत आणि एकूण क्षार ५०० पर्यंत असावेत, असे भारतीय मानक आहे. दुसरा स्रोतच नसेल तर क्लोराइडला १,००० आणि क्षारांना २,००० पर्यंत सवलत आहे, नायट्रेटला सवलत नाही. मैलापाण्याच्या तळ्याजवळ जंतूंची तपासणीही हवी. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमध्ये पालाश फार मोठ्या प्रमाणात असते, साध्या विहिरीत ते लिटरला थोडेच मिलिग्रॅम असते. म्हणून डिस्टिलरीच्या लगूनशेजारी पालाशही तपासून घ्यावे.

पण एका नमुन्यावर कुणाला दोष देऊ नये. एकरी बेसुमार युरिया आणि पाटाने मोकाट पाणी यांमुळे आपणही विहिरीत नायट्रेट आणि क्षार ढकलत असतो. शिरोळ तालुक्यात क्षारपड झालेली हजारो एकर जमीन काही लगूनने बिघडवलेली नाही. ती जास्त पाण्याने बिघडली आणि श्री दत्त कारखान्याने पुढाकार घेऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकण्याचे काम हाती घेतले तेव्हा सुधारू लागली. खताने बिघडलेले पाणी वरच्या विहिरीतही बिघडलेले असते. वरची चांगली, खालच्या दोन्ही वाईट आणि दर सहा महिन्यांनी आणखी वाईट, असे दिसले तर मात्र बोट लगूनकडे जाते. त्यातही आपल्या काळ्या कातळाचा स्वभाव विसरू नये. मुरुमाच्या खाली पाणी सारखे पसरत नाही, भेगांच्या वाटेने पळते. बांधालगतची विहीर गोड राहते आणि तीन रानांपलीकडची नासते, असेही होते. म्हणून नमुन्याच्या विहिरी निवडताना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसाला विचारावे. १९७२ सालापासून ही राज्य यंत्रणा विहिरींच्या पातळ्या मोजत आली आहे, भेगांचा कल त्यांना ठाऊक असतो.

हे सगळे कशासाठी, असे कुणी विचारील. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची साथ आली, हजारो माणसे आजारी पडली, काहींचे प्राण गेले. ती साथ लगूनमुळे आलेली नव्हती. पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्याने आली. पण घाण पाणी आणि पिण्याचे पाणी यांच्यामधली भिंत पातळ झाली की काय होते ते या पंचक्रोशीने बघितलेले आहे. कबनूरसारख्या गावात नळाला पाणी आले नाही की माणसे बोअरकडे आणि विहिरीकडेच वळतात.

गळती सापडली तर ती बहुधा चार ठिकाणांपैकी एके ठिकाणी असते. भरावातून जाणाऱ्या पाइपच्या कडेने. खेकड्यांनी आणि उंदरांनी केलेल्या बिळांतून. भरावावर वाढू दिलेल्या बाभळीच्या मुळांतून. आणि चौथे, खास आपले, काळ्या मातीच्या तळातून. काळी माती भिजलेली असताना उत्तम बूच आहे. पण हंगाम संपल्यावर लगून रिकामा ठेवला की मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि नोव्हेंबरात पहिले सांडपाणी भेगा मिटायच्या आधी सरळ खाली जाते. मातीच्या तळाच्या लगूनमध्ये उन्हाळ्यात फूटभर पाणी राखून ठेवावे, हा त्यावरचा बिनखर्ची उपाय. कागदाच्या लगूनमध्ये गाळ काढताना जेसीबी उतरवू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये जसा महापूर आला, तशा पुरात ज्या लगूनला पाणी लागले त्याची परीक्षा नव्याने घ्यावी. पुराच्या दाबाने कागद उचलला जातो, भराव खचतो, आणि पूर ओसरल्यावर वरून सगळे जागच्या जागी दिसते.

परीक्षेची वही साधी असावी: तारीख, वेळ, दोन पट्ट्यांची वाचने, पिंपाचे वाचन, पाऊस, दोन विहिरींची पातळी. खाली सह्या दोन घ्याव्यात, एक लगूनवर काम करणाऱ्या कामगाराची आणि दुसरी बांधाला रान असलेल्या शेतकऱ्याची. सकाळी सूर्य उगवताना दहा दिवस दोघांनी मिळून पट्टी वाचायची आहे. वहीची एक प्रत गट ऑफिसात ठेवावी आणि वार्षिक सभेत लगूनचा विषय निघाला की ती टेबलावर मागून घ्यावी.